मोतीबिंदू, तेलुगू आणि साखरेचा डबा

९ ऑक्टोबर

गेली दोन वर्षं जिवापाड जपलेला माझा मोतीबिंदू काढून टाकायचं आज लोकांनी परस्पर ठरवलं. मला कोणी विचारलं नाही. सबब ही दैनंदिनी सुरू करतो आहे. निदान एका ठिकाणी तरी खरी नोंद असावी.

मी नागनाथ, वय चौसष्ट. बोथच्या मंडल ऑफिसात, म्हणजे तहसील कचेरीत, एकतीस वर्षं नोकरी केली. इथे घरात मराठी आणि सरकारी कागदात तेलुगू. चपराशी म्हणून लागलो आणि दफ्तरखान्यातला रेकॉर्ड असिस्टंट म्हणून निवृत्त झालो. कोणत्याही गावची, कोणत्याही सालची पहाणी, म्हणजे सातबारा, मागा, पाच मिनिटांत बस्ता टेबलावर हजर. तीन तहसीलदारांनी माझी तारीफ केली आहे. आता खरं लिहितो: मला तेलुगू वाचता येत नाही. बोलता येतं, भांडता येतं, वाचता येत नाही. शिकलो गावच्या मराठी शाळेत. बस्ते मी कापडाच्या रंगावरून आणि गाठीवरून ओळखायचो. पहाणीत कोणत्या रकान्यात काय असतं ते पाठ होतं. गावातलं कोणी तेलुगू कागद घेऊन आलं की मी चष्मा लावायचो, भुवया आखडायचो आणि म्हणायचो, "ठेवून जा, निवांत पाहतो." दुसऱ्या दिवशी ऑफिसात नागेश कारकुनाला चहा पाजून मतलब काढून घ्यायचा आणि संध्याकाळी गावात सांगायचा. माझं नाव झालं ते असं. तेलुगू वाचणारी तरणी मंडळी गावात आहेत, पण सरकारी कागदाला मुरलेला माणूस लागतो असं सगळ्यांचं मत आहे. ते मत मीच घडवलं आहे.

निवृत्तीनंतर नागेश सुटला आणि माझे वांधे झाले. चार वर्षं अंदाजपंचे वाचन केलं. मग मोतीबिंदू आला, अगदी वेळेवर. "अक्षर पुसट दिसून राह्यलं" एवढं म्हटलं की काम भागत होतं.

आज शेजारचे पांडुरंगराव कागद घेऊन आले. मी नेहमीचं वाक्य म्हटलं. तर ते म्हणाले, "नागनाथभाऊ, असं किती दिवस चालन? तुमच्याबिगर गावाचे कागद अडून राह्यले. म्या प्रतिभाले फोन केला. मंगळवारी तुमाले मावल्याले घेऊन जातो, डोळ्याच्या दवाखान्यात." प्रतिभा म्हणजे आमची मुलगी, मावल्याला राहते, शाळेत शिकवते. मी रुख्मिणीकडे पाहिलं. ती चुलीपासून म्हणाली, "न्याच त्याहिले."

ती माझ्या बाजूनं बोलेल असं वाटलं होतं. पण अडाणी बाईला यातलं काय कळणार? बचत गटाच्या, म्हणजे इथल्या भाषेत संघमच्या, मीटिंगला जाते, सही कशीबशी करते, एवढंच. एकदा संघमची चिठ्ठी आली होती, ती मीच वाचून दाखवली होती: सरकार बायांना बकऱ्या वाटणार. बकऱ्या काही आल्या नाहीत. सरकारचं काम असंच असतं.

१४ ऑक्टोबर

दवाखान्यात आधी भिंतीवरचा तक्ता वाचायचा असतो. सिस्टरनं विचारलं, "तेलुगू, हिंदी, की खुणांचा?" खुणांचा तक्ता न शिकलेल्यांसाठी असतो. त्यात तीन दातांच्या फणीसारखी खूण असते, दात कुठल्या बाजूला ते हातानं दाखवायचं. हिंदीचा मला आरामात वाचता आला असता. पण मागे पांडुरंगराव उभे होते. मी म्हटलं, "तेलुगूच!"

सगळ्यात वरचं अक्षर परातीएवढं होतं. उजवा डोळा उघडून पाहिलं, डावा उघडून पाहिलं, दोन्ही उघडून पाहिले. सिस्टरनं हळहळून कागदावर काहीतरी लिहिलं. पांडुरंगराव म्हणाले, "अरारा, एवढं वाढलं व्हतं तं सांगाचं नाई का भाऊ?"

डॉक्टर भाग्यलक्ष्मी म्हणून आहेत, प्रतिभाच्याच वयाच्या. मला 'पेद्दायना' म्हणतात, म्हणजे वडीलमाणूस. डोळ्यांआधी त्यांनी रक्त तपासलं. साखर दोनशे शहाऐंशी. म्हणाल्या, आधी ही खाली आणा, मग ऑपरेशन. मी हुज्जत घातली की मोतीबिंदूचा आणि साखरेचा काय संबंध? तेव्हा त्यांनी हिंदीत समजावलं. डोळ्याच्या पुढे एक काच असते, तिला कॉर्निया म्हणतात. तिच्या आतल्या अंगाला पेशींचा एकच थर असतो. काचेतलं पाणी उपसून ती स्वच्छ ठेवणं हे त्यांचं काम. ऑपरेशन कितीही चांगलं झालं तरी त्यातल्या थोड्या मरतातच, आणि नवीन येत नाहीत. ज्यांना साखर आहे त्यांच्या उरलेल्या पेशीही थकलेल्या असतात, म्हणून काचेवरची सूज उतरायला जास्त दिवस लागतात, कधी ती नीट उतरतही नाही.

मला लगेच समजलं. मंडल ऑफिसासारखंच आहे. भरती बंद, जे गेले ते गेले, उरलेल्यांनी काम ओढायचं, आणि उरलेले आधीच बेजार.

चहाचं विचारलं तेव्हा बिनसाखरेचा सांगितला. इथे खरं लिहितो: दीड चमचा.

(दुरुस्ती: अडीच. सही, ना.)

२२ ऑक्टोबर

रुख्मिणीनं स्वयंपाकघरातले सगळे डबे घासले, ओळीनं मांडले आणि त्यांच्यावर पांढऱ्या कागदाच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. चिठ्ठ्यांवर तेलुगू. विचारलं तर म्हणाली, "संघमच्या पोरीनं लिवून देल्ल्या. बऱ्या दिसतेत."

अडाणी बाईच्या घरात डब्यांवर तेलुगू, म्हणजे हौसेला मोल नाही. पूर्वी साखर खिडकीजवळच्या डब्यात असायची. आज तिथे मीठ निघालं, आणि ते चहात पडल्यावर कळलं. ती कापूस वेचणीला गेल्यावर मी एकेक डबा उघडून पाहिला. तूरडाळ, मेथ्या, रवा, पुन्हा मेथ्या. सगळे डबे सारखे, झाकणंही सारखी. रंगाचा फरक असता तर एका दिवसात पत्ता लागला असता.

२९ ऑक्टोबर

साखर सापडली होती, तिसऱ्या ओळीत शेवटचा डबा. दोन दिवस सुखात गेले. आज त्या डब्यात ज्वारीचं पीठ.

५ नोव्हेंबर

साखर एकशे अठ्ठेचाळीस. डॉक्टर खूश. "कसं केलंत?" म्हणाल्या. मी म्हटलं, मनोनिग्रह. रुख्मिणी पदरात तोंड लपवून खोकली. थंडी सुरू झाली आहे, तिला काढा द्यायला हवा.

एका मशीनवर माझ्या पेशी मोजल्या. उजव्या डोळ्यात एकवीसशे चाळीस. डॉक्टर म्हणाल्या, वयाच्या मानानं ठीक आहेत, सांभाळून काम करू. बाराला उजवा डोळा.

परतताना पांडुरंगरावांच्या शेतावरून आलो. बांधावरची बाभूळ आता केवढी झाली आहे! तिच्या सावलीत त्यांच्या कपाशीच्या चार ओळी धड येतच नाहीत. दरवर्षी सरकारला शिव्या देतात, कारण आठ वर्षांपूर्वी वीज खात्याची नोटीस आली होती की बाभूळ तोडायला मनाई आहे. नोटीस मीच वाचून दाखवली होती. तेव्हा नागेश आठवडाभर रजेवर होता.

१३ नोव्हेंबर

काल ऑपरेशन झालं. दुखलं नाही. वीस मिनिटांत उरकलं. दोन वर्षांचा सोबती वीस मिनिटांत गेला.

आज पट्टी काढली. सगळं दुधी दिसतं. डॉक्टर म्हणाल्या, काचेवर सूज आहे, अपेक्षितच होती, थेंब नीट घातले तर उतरेल. सिस्टरनं तीन बाटल्या दिल्या आणि औषधाचा कागद कोणत्या भाषेत पाहिजे ते विचारलं. पांडुरंगराव आमच्या मागेच होते. मी काय म्हटलं ते लिहायची गरज नाही.

सिस्टर तोंडीही सगळं सांगत होती, पण त्या वेळी मी पांडुरंगरावांना कागद वाचून दाखवण्यात गुंतलो होतो. एका डोळ्याला चष्मा धरून वाचला. ते म्हणाले, "वा भाऊ! ऑपरेशन पास झालं म्हना की." पांढरं, हलवून घालायचं औषध आहे, त्याच्यापुढे ६, ५, ४, ३, २, १ असे आकडे लिहिले आहेत. हे उघड अनुक्रमांक आहेत, फक्त उलटे घातले आहेत. ऑफिसात नवीन कारकून असंच करतात. मी तीन वेळा आणि सात दिवस असं ठरवलं. साधारणपणे औषधं तशीच असतात. कागद पेटीत कुलुपात ठेवला.

२१ नोव्हेंबर

काल पांढरं औषध बंद केलं, सात दिवस पुरे झाले. डोळ्यातून पाणी येतं. दिसतं अजून धुरकट, सकाळी जास्तच.

सकाळी पांडुरंगराव कागद घेऊन आले. मी म्हटलं, सूज हाय, डॉक्टरीणबाई म्हनते साखरेवाल्यायले टाइम लागते. ते मान हलवून गेले. म्हणजे मोतीबिंदू गेला तरी कॉर्नियानं माझी लाज राखली. पहिल्यांदा बरं वाटलं.

मग दुपारी रुख्मिणी वेचणीहून आली आणि दारात उभी राहिली. तिची साडी दिसली, डोक्यावरचं गाठोडं दिसलं, तोंड दिसलं नाही. डावा डोळा तर आधीच गेलेला. मी तिच्याकडे बघत राहिलो. ती म्हणाली, "काऊन असे पाहून राह्यले?" भीती वाटली. फार वाटली.

२२ नोव्हेंबर

रुख्मिणी आज वेचणीला गेली नाही. पेटीची किल्ली मागितली. शालू काढायचा आहे म्हणाली. शालू काढला आणि कागदही काढला. बराच वेळ कागदाकडे पाहत बसली होती, ओठ हलत होते. बाटल्या मोजत असावी. मग फोन घेऊन अंगणात गेली. कोणाशी बोललीस विचारलं तर म्हणाली, "प्रतिभाशी." प्रतिभाशी तेलुगूत का बोलावं ते मला कळलं नाही. आजकाल सगळ्यांनाच हौस.

आल्यावर म्हणाली, "आजपासून थेंब मी घालन. पांढरं बंद काऊन केलं? ते सहा येळा घालाचं, मंग हळूहळू उतरवत जाचं. अन् परवा ते सुजेवरचे खारट थेंब घातलेच नाई तुमी." मी म्हटलं, "कागदात तसं नाही." ती म्हणाली, "कागद पुसट असन."

२७ नोव्हेंबर

थेंबांचा जाच सुरू आहे. सकाळी सहाला डोळा उघडून धरते. मोबाईलवर गजर लावला आहे. अडाणी असून बाटल्यांत एकदाही चूक करत नाही. झाकणांच्या रंगावरून ओळखत असणार. म्हणजे माझीच पद्धत, एवढ्या वर्षांत माझ्याकडे पाहून शिकली. अभिमान वाटला.

डोळ्याला आज जरा उघडीप आहे. दुपारी तिचं तोंड दिसलं. ती डाळ निवडत होती. बराच वेळ पाहिलं. तिला सांगितलं नाही.

१ डिसेंबर

तपासणी. पुन्हा तोच तक्ता, पुन्हा परातीएवढं अक्षर, पुन्हा मी गप्प. पांडुरंगराव दाराशी. डॉक्टरांनी यंत्रातून डोळा पाहिला. मग मला पाहिलं. मग पुन्हा डोळा पाहिला. म्हणाल्या, "पेद्दायना, सूज उतरते आहे. एवढं तरी दिसायला पाहिजे. काहीच दिसत नाही?"

मी म्हटलं, "काहीच नाही."

त्या गंभीर झाल्या. म्हणाल्या, आठ दिवसांनी या. तेव्हाही एवढंच असलं तर हैदराबादला पाठवावं लागेल. इथल्या यंत्रात दिसत नाही असं काहीतरी असेल. वेळ पडली तर दुसऱ्या माणसाचा कॉर्निया बसवावा लागेल.

जीपमध्ये पांडुरंगराव म्हणाले, "भाऊ, घाबरू नोका. हैदराबादले मी येतो संग." आणि त्यांचे डोळे भरून आले. आता मी काय करू? कुठल्यातरी मेलेल्या माणसाचा डोळा, जो खरंच आंधळा आहे त्याच्या हक्काचा, माझ्या खोट्यापायी मला लावणार. आणि तो लावल्यावरही मला तेलुगू वाचता येणार नाहीच.

रुख्मिणीला सांगावं का? पण अडाणी माणसाला हा पेच समजायचा नाही. ती सरळ म्हणेल, खरं सांगून टाका. एकतीस वर्षांची इज्जत आहे, तिला काय माहीत.

९ डिसेंबर

जे झालं ते क्रमानं लिहितो.

या खेपेला रुख्मिणीही सोबत आली होती. तक्ता झाला. मी गप्प राहिलो. डॉक्टरांनी हैदराबादच्या दवाखान्यासाठी चिठ्ठी लिहिली. घरच्यांना समजावं म्हणून खाली चार ओळी तेलुगूत लिहिल्या आणि कागद माझ्या हातात दिला. पांडुरंगराव म्हणाले, "काय लिवलं भाऊ?" आणि मी, सवयीनं, माझ्या मनात काही नसताना, चष्मा लावला, भुवया आखडल्या, कागदावरून बोट फिरवलं आणि म्हटलं, "हं. ठीक आहे. समजलं."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"पेद्दायना," त्या म्हणाल्या, "भिंतीवरचं एवढं मोठं अक्षर दिसत नाही, आणि माझं हे मुंगीएवढं अक्षर वाचलंत?"

मी छताकडे पाहिलं.

"काय लिहिलंय त्यात?"

मनात आलं, बकऱ्या म्हणावं. तेवढ्यात रुख्मिणी उठली. माझ्या हातातून कागद घेतला, खिडकीच्या उजेडाकडे धरला आणि वाचायला लागली. तेलुगूत. अडखळत, एकेका अक्षरावर बोट ठेवत, पण न थांबता. रुग्णाला साखर आहे. ऑपरेशननंतर काचेवर सूज आहे. नजर अपेक्षेपेक्षा फार कमी. पुढची तपासणी करावी. चारही ओळी वाचल्या, खालची तारीखही वाचली, आणि कागद डॉक्टरांना परत दिला.

"त्याहिले हिंदीचा तक्ता दाखवा बाई," ती म्हणाली. "नजर हाय त्याहिची. तेलुगू नाई."

सिस्टरनं तक्ता बदलला. मी वाचला. वरचं अक्षर, दुसरी ओळ, तिसरी ओळ, चौथीतली तीन अक्षरं. डॉक्टर आधी हसल्या, हसता हसता त्यांनी हैदराबादची चिठ्ठी फाडली, आणि मग अशा रागावल्या की बाहेरचे पेशंट आत डोकावले. सूज खरीच होती, त्या म्हणाल्या, आणि पांढरं औषध मध्येच सोडल्यानं वाढली होती. आकडे म्हणजे पहिल्या आठवड्यात दिवसातून सहा वेळा, दुसऱ्यात पाच, असे उतरते. बावीस तारखेला माझ्या बायकोनं दवाखान्यात फोन करून कागद वाचून दाखवला नसता, आणि पुन्हा कसं सुरू करायचं ते विचारलं नसतं, तर हैदराबाद खरंच चुकलं नसतं.

पेशी पुन्हा मोजल्या. सोळाशे नव्वद. साडेचारशे गेल्या. मी विचारलं, "परत येणार नाहीत?" त्या म्हणाल्या, नाही. आहेत त्या सांभाळा. डावा डोळा साखर ताब्यात राहिली तरच.

पांडुरंगराव जीपमध्ये इच्छोडा गाव मागे पडल्यावर म्हणाले, "भाऊ, एक इचारू?"

"विचारा."

"म्हंजे ती बाभूळ मले तोडता आली असती?"

मी म्हटलं, हो. बहुतेक.

"आठ वर्सं," ते म्हणाले.

१० डिसेंबर

सकाळी थेंब घालताना मी रुख्मिणीला विचारलं, "केव्हापासून येतं तुला?"

"दहा वर्सं झाले. संघममंदी शिकोत संध्याकाळच्या. तुमी घरीच राहत व्हते."

"मला सांगितलं नाहीस."

"तुमी इचारलं नाई." तिनं खालची पापणी ओढून धरली. "वर पाहा. मले वाटलं व्हतं, वाचून दाखवन एक दिवस, तुमाले बरं वाटन. दोन वर्सांनं ते चिठ्ठी आली संघमची. म्या घरी यायच्या आधीच वाचली व्हती. शुक्रवारी मीटिंग हाय, एवढंच लिवलं व्हतं. तुमाले देल्ली वाचाले, का पाहू, आपला मानूस कसा वाचते." तिनं थेंब टाकला. "तं तुमी बकऱ्या वाटल्या."

"तेव्हाच का नाही बोललीस?"

"चार बाया बसल्या व्हत्या संग. तुमची इज्जत गेली असती."

डोळ्यातून पाणी आलं. तिनं कापसानं पुसलं आणि म्हणाली, औषध बाहेर येऊन राह्यलं, गप पडा. ते औषध नव्हतं. आठ वर्षं ही बाई माझ्या इज्जतीवर पांघरूण घालत होती आणि मी तिच्याशेजारी बसून डब्यांतली साखर शोधत होतो. मला लाज वाटली. नोकरीत सस्पेन्शनची नोटीस आली असती तरी एवढी वाटली नसती.

१९ डिसेंबर

पांडुरंगराव आज आले. मी उभा राहिलो. ते म्हणाले, कुऱ्हाड घेऊन गेलो होतो बाभळीपाशी. पण वेचणीच्या बाया तिच्याच सावलीत भाकर खात बसल्या होत्या. "आठ वर्सांत सावली तं झाली ना भाऊ. राहू द्या." मग खिशातून कागद काढला. मी हात पुढे केला. तो कागद माझ्या हाताला वळसा घालून आत गेला. "रुख्मिणीवैनी, हे जरा वाचता का?"

तिनं ठेवून घेतला नाही. तिथेच उभ्या उभ्या वाचला. दोन मिनिटं लागली. मला या कामाला कायम दोन दिवस लागायचे.

संध्याकाळी मी तिला म्हटलं, मला शिकव. तिनं पाटीवर पहिलं अक्षर काढलं. मी म्हटलं, हे ओळखतो, दवाखान्याच्या भिंतीवर आहे.

४ जानेवारी

डॉक्टर म्हणाल्या, काच स्वच्छ झाली, थेंब बंद. साखर एकशे तीस. तेलुगूच्या तक्त्यावर पहिल्या दोन ओळी वाचल्या. तिसरीत अडलो ते डोळ्यामुळे नव्हे. सिस्टरनं टाळी वाजवली. प्रतिभाचा फोन आला, "जयभीम बाबा, पास झालात म्हणे!"

घरी आलो तेव्हा रुख्मिणी विहिरीवर होती. मी स्वयंपाकघरात गेलो. चिठ्ठ्या आज पहिल्यांदा माझ्याशी बोलायला लागल्या. उप्पु, म्हणजे मीठ. पिंडी, म्हणजे पीठ. आणि वरच्या फळीवर, अगदी कोपऱ्यात, तीन अक्षरं. बोट ठेवून लावली. च. क्के. र. चक्केर. साखर! वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, कोणाच्या मदतीशिवाय वाचलेला हा माझा पहिला उपयोगाचा तेलुगू शब्द. चमचा घेतला, झाकण काढलं, डब्यात न बघताच तोंडात टाकला.

मेथ्यांची पूड.

दारातून हसण्याचा आवाज आला. रुख्मिणी घागर घेऊन उभी होती, हसून हसून तिचं पाणी सांडत होतं. "वाचता आलं तं!" ती म्हणाली. "कालच बदलली म्या चिठ्ठी. म्हटलं, परीक्षा घ्यावं."

मी तोंड धुवून आलो. ती शेजारी बसली, पाटी पुसली आणि माझ्यापुढे ठेवली. "आता मले तुमची मराठी शिकवा."

मी म्हटलं, तुला आता मराठी कशाला?

"तुमी रोज त्या डायरीत काय लिवता ते पाहाचं हाय. ऑक्टोबरपासून माहं नाव लिवता, एवढं मले समजते."

ती झपाट्यानं शिकते. पोळ्यापर्यंत सगळं वाचील. ती भाकरी थापायला गेल्यावर मी मागची पानं चाळली. 'अडाणी' हा शब्द चार ठिकाणी सापडला. डोळा आता चांगला आहे, एकही सुटला नाही. खोडायला पेन उचललं, पण दफ्तरखान्यात खाडाखोड चालत नसे, आणि खोडलेलं ती सगळ्यात आधी वाचील. म्हणून रीतसर केलं. चारही ठिकाणी शब्दाभोवती गोल काढला, आणि बाजूला लिहिलं: दुरुस्ती, हे माझ्याबद्दल समजावे. तारीख घातली. सही आज पहिल्यांदा तेलुगूत केली. 'ना' जरा वाकडा आला आहे, पण तिला वाचता येईल.